आधी ट्रे, मग पिशवी

...नाही नाही, चूक माझीच होती! मान्य केलंय मी, चार लोकांत केलंय, लेखी केलंय, आता आणखी काय करू, कपाळावर गोंदवून घेऊ? पण म्हणून माणसाला रोज उठून एक स्वल्पविराम टाकायचा म्हटलं तरी लायनीत उभं राहायला लावायचं? मी, बारा वर्षं कोड लिहिणारा माणूस! आणि लायनीच्या टोकाला कोण? तर काकू! वय वर्षं अठ्ठावन्न, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात वही, आणि तोंडात एकच वाक्य... आधी ट्रे, मग पिशवी!

थांबा, मधूनच सांगून उपयोग नाही. पहिल्यापासून सांगतो.

आमची कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरची दोन खोल्यांची जागा. खाली हवा भरायचं मशीन सुरू झालं की वर आमची टेबलं थरथरतात. पाच माणसं. काम काय, तर हॉस्पिटलात औषधाच्या बाटलीवर, पाकिटावर जे लेबल चिकटवतात ना, नाव, किती घ्यायचं, कधी घ्यायचं... ते छापणारं सॉफ्टवेअर. ऐकायला किरकोळ वाटतं. मलाही वाटायचं.

तर साहेबांनी एक दिवस काकूंना आणलं. काकू तीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभ्या होत्या. दुकान बंद झालं, घरी बसवेना, म्हणून संगणकाचा वर्ग केला, तोही पहिल्या नंबरानं, आणि लेबलवरचा मजकूर तपासायला आमच्याकडे आल्या. साहेब मला म्हणाले, "यांना गिट शिकव." मी म्हटलं, झालं! आता गेला महिना!

गिट म्हणजे काय, हे तुम्हालाही सांगतो, घाबरू नका, दोन मिनिटांचं काम आहे. आमच्या सगळ्या फायलींचं एक सामायिक गोदाम असतं. तुम्ही तुमच्या मशीनवर काहीही खाडाखोड करा, गोदामाला पत्ता नसतो. गोदामात द्यायचं असेल तर दोन पायऱ्या. पहिली, केलेल्या बदलांतले कोणते द्यायचे ते निवडून बाजूला काढायचे, त्याला म्हणतात स्टेज करणं. दुसरी, त्या निवडलेल्यांवर शिक्का मारायचा, हे मी केलं, अमुक वाजता केलं, अमक्यासाठी केलं... तो कमिट. मग पाठवून द्यायचं. एवढंच!

मी काकूंना हे सांगितलं, आणि लगेच वर म्हटलं, "पण काकू, ती पहिली पायरी नुसती म्हणायला आहे बरं का. आम्ही काय करतो, एक टिंब देतो. टिंब दिलं की झाडून सगळं स्टेज होतं. निवडत कोण बसतं?"

काकूंनी वहीतून मान वर केली. "म्हणजे ट्रे."

म्हटलं, "काय?"

"अरे बाबा, कपाटातून औषध काढलं की आम्ही सरळ पिशवीत घालत नव्हतो. आधी ट्रेमध्ये मांडायचं. चिठ्ठी शेजारी ठेवायची. नाव बघायचं, ताकद बघायची, तारीख बघायची, मग पिशवीत, मग पिन मारायची. ही तुमची पहिली पायरी म्हणजे ट्रे आहे. आणि तू मला सांगतोयस, कपाट उचलून पिशवीत ओत?"

मी हसलो. सगळेच हसले. काकूंनी वहीत लिहिलं, मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून... आधी ट्रे, मग पिशवी.

आणि तशाच वागायला लागल्या हो! आम्ही टिंब देऊन मोकळे, दहा सेकंदांचं काम, आणि या बसल्यात एकेक ओळ वाचत. गिटमध्ये एक सोय आहे, ती तुमच्या बदलांचा एकेक तुकडा दाखवते आणि विचारते, हा घेऊ? हो की नाही? बारा वर्षांत मी ती एकदाही वापरली नव्हती. काकू दुसरं काही वापरतच नव्हत्या! तुकडा वाचायचा, ओठ हलवत वाचायचा, बोट लावून वाचायचा, मग "हो." पुढचा. "हो." पुढचा. "नाही." शेजारी बसून ऐकणाऱ्याचं काय होत असेल? मी कानात बोळे घालायला लागलो.

आता त्या शुक्रवारावर येतो.

हॉस्पिटलवाल्यांची तक्रार होती. लेबलवर "०.५ चमचा" असं छापून यायचं, आणि घाईत ते टिंब कुणाला दिसायचं नाही. म्हणून आता सगळं शब्दांत हवं होतं. अर्धा चमचा, पाव चमचा, दीड चमचा. शब्द काकूंनी लिहून दिले, कोड मी लिहिलं. शुक्रवारी चार वाजता हॉस्पिटल नवीन सॉफ्टवेअर उचलणार, आणि संध्याकाळच्या औषधांपासून नवी लेबलं सुरू. काम गुरुवारीच झालं होतं, नुसतं गोदामात टाकायचं राहिलं होतं. आणि गुरुवारी रात्री माझी दाढ उठली.

साधी दाढ नाही, अक्कलदाढ. चाळिशीत! बायको म्हणाली, "उशिरा का होईना, येतेय म्हणायची." येतेय कसली, आडवी आली होती! शुक्रवारी दुपारी तीनला काढायचं ठरलं. अडीचला मी गाल धरून ऑफिसातून पळालो, मशीन चालू, खिडक्या उघड्या, काम तसंच. डोक्यात दुसरं काही नव्हतंच, फक्त दाढ.

तीन वीसला मी खुर्चीत आडवा, तोंडाला भूल दिलेली, अर्धा चेहरा माझा आहे की शेजाऱ्याचा ते कळत नाही, आणि फोन वाजला, ऑफिसच्या लँडलाइनवरून, तिकडे स्पीकर लावून. साहेब! डॉक्टर म्हणाले, "बंद करा तो." मी खुणेनं म्हटलं, एकच मिनिट. डॉक्टरांनी फोन स्पीकरवर टाकून समोरच्या टेबलावर ठेवला, चिमट्यांच्या शेजारी.

"टाकलंस का रे?" साहेब ओरडले.

मी म्हटलं, "थगलं थाका."

"काय? कोण थकलं?"

"थगलं! थगलं थाका, थाहेब! थिंब द्या!"

मग काकूंचा आवाज, अगदी शांत. "साहेब, तो म्हणतोय, सगळं टाका. टिंब द्या म्हणतोय."

"मग द्या की टिंब! त्याच्या मशीनवर बसा, द्या टिंब, विषय संपला!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काकू बसल्या. आणि मग...

"साहेब, यात एक्केचाळीस फायली आहेत."

"असू देत!"

"काम दोन फायलींचं होतं."

"काकू, तीन पंचवीस झालेत!"

"म्हणूनच म्हणते, मला बोलण्यात गुंतवू नका. मी बघून घेते. आधी ट्रे, मग पिशवी."

आता मला सांगा, एक्केचाळीस फायली कुठून आल्या? अहो, बारा वर्षांची सवय! जे काही असेल ते त्याच फोल्डरमध्ये टाकायचो. गोदामात पाठवायच्या आधी बरंचसं उडवून द्यायचो, आठवलं तर! आणि आता मी तोंडाचा आ करून पडलोय, डॉक्टर आत आरसा घालतायत, आणि समोरच्या टेबलावरून माझं सगळं आयुष्य एकेक करून वाचलं जातंय.

"मुलीचा शाळेचा प्रकल्प, ज्वालामुखी. नाही. घरात घ्यायच्या वस्तू, कपडे वाळत घालायची दोरी, झाकणाचा डबा. नाही. हा... हा फोटो कसला? दाढेचा एक्स-रे? नाही."

साहेब मागून, "एक्स-रे? माझ्या प्रोजेक्टमध्ये दाढेचा एक्स-रे?"

डॉक्टर हसले. मी फोनकडे हात लांबवला, पोचला नाही. कारण पुढे काय येणार ते मला माहीत होतं. पुढे तीन फायली होत्या. "राजीनामा-१". "राजीनामा-शेवटचा". आणि "राजीनामा-खरंच-शेवटचा".

काकू थांबल्या. किती वेळ? दोन सेकंद असतील. मला दोन तास वाटले.

"हे काय आहे?" साहेबांचा आवाज. "चष्मा टेबलावर राहिला माझा, काय लिहिलंय ते?"

"हे कामाचं नाही," काकू म्हणाल्या. "पुढे."

तुम्हाला सांगतो, त्या बाईला मी तिथल्या तिथे खुर्चीतून उठून नमस्कार केला असता, पण डॉक्टरांचं अख्खं मनगट माझ्या तोंडात होतं.

साडेतीन. पावणेचार. साहेबांचा धीर सुटला. "काकू, हे बघा, आत्ता टाका, सोमवारी शांतपणे बघू. हॉस्पिटलवाल्यांचा दोनदा फोन येऊन गेला. ते लोक वाट बघतायत!"

"बघू देत. गर्दीतली माणसं वाट बघतच असतात, साहेब. तीस वर्षं बघितलीय गर्दी. मी न बघितलेलं पिशवीत घालत नाही."

"अहो, ही माझी कंपनी आहे!"

"हो ना. आणि बटणावरचं बोट माझं आहे."

मग काहीतरी खडखडलं. नंतर कळलं की साहेबांनी कीबोर्डला हात घातला होता, आणि काकूंनी कीबोर्ड उचलून मांडीवर घेतला, पर्ससारखा, दोन्ही हातांनी धरून! आमच्या साहेबांना एवढ्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. ते "देवा!" म्हणून हॉस्पिटलला फोन करायला बाहेरच्या जिन्यात गेले, आणखी दहा मिनिटं मागायला.

आणि इकडे? इकडे डॉक्टरांनी पक्कड हातात घेऊन ठेवलेली, पण दाढेला लावतच नाहीत! मी डोळ्यांनी विचारलं, काय झालं? तर म्हणतात, "थांबा हो, काकू काय म्हणतायत ते ऐकू द्या." आणि वर फोनकडे वाकून, "अगदी बरोबर करताय, काकू! आम्हीसुद्धा सगळं ट्रेमध्ये काढूनच घेतो!" अहो, कोण तुम्ही? कुणाचे डॉक्टर तुम्ही?

काकू म्हणाल्या, "धन्यवाद. आता गप्प बसा जरा."

मग आली खऱ्या कामाची फाईल. छोट्या लेबलची. छोटं लेबल म्हणजे लहान मुलांच्या औषधाच्या बाटलीवरचं. काकू तुकडे वाचत होत्या. "अर्धा चमचा, हो. पाव चमचा, हो. दीड, हो..." आणि मग त्यांचा आवाज बंद झाला.

मला वाटलं, फोन कट झाला.

"ऐकतोयस का रे?" आवाज एकदम खाली आलेला. "इथे एक ओळ आहे. डॉक्टरांनी काहीही लिहिलेलं असो, छोट्या लेबलवर छापायचं, साडेसात चमचे दिवसातून चार वेळा. हे तू मुद्दाम लिहिलंयस?"

अर्धा चेहरा बधिर होता ना माझा? उरलेलाही झाला.

मला आठवलं. बुधवारची गोष्ट. छोट्या लेबलवर सगळ्यात लांब मजकूर मावतो की नाही ते बघायचं होतं. मला सुचलेला सगळ्यात लांब मजकूर तो. तात्पुरती एक ओळ घातली, छापून बघितलं, मावला, खूश झालो, चहाला गेलो... आणि ओळ तिथेच राहिली. आमची तपासणी व्हायची मोठ्या लेबलवर. छोटं कुणी छापूनही बघितलं नसतं. टिंब दिलं असतं तर संध्याकाळपासून प्रत्येक लहान मुलाच्या बाटलीवर... साडेसात चमचे. दिवसातून चार वेळा.

मी म्हटलं, "थेथ्थिंग. काकू, थेथ्थिंग होथं थे..."

"टेस्टिंग. बरं." एवढंच. रागाचा एक शब्द नाही.

डॉक्टरांनी हळूच विचारलं, "हॉस्पिटल कोणतं?" मी तसंच बोबडं नाव सांगितलं. त्यांनी दिवा माझ्या तोंडावर सरकवला. मग म्हणाले, "माझी लहान पुतणी दाखल आहे तिथे. परवापासून." आणि पक्कड लावली. भूल होती, तुम्हाला सांगतो, चांगली दोन इंजेक्शनांची भूल होती... तरी कळली!

काकूंनी काय केलं? चांगल्या ओळी तेवढ्या स्टेज केल्या, ती एक ओळ सोडली. त्याच फायलीतली, वर चांगली, खाली चांगली, मधली तेवढी "नाही". माझ्या फोल्डरमधला उरलेला सगळा पसारा बाजूला गुंडाळून ठेवला, आणि जे निवडलं होतं तेवढ्यावरच मशीन चालवून एक छोटं लेबल छापलं. छापलेलं वाचलं. पुन्हा वाचलं. मग शिक्का. शिक्क्याबरोबर एक ओळ लिहायची असते, काय केलं ते. आम्ही लिहायचो "बदल". किंवा "आणखी बदल". काकूंनी लिहिलं, "छोट्या लेबलवर अर्धा, पाव, दीड शब्दांत. छापून वाचले. दोन फायली घेतल्या, एकोणचाळीस घेतल्या नाहीत."

चार वाजून चार मिनिटांनी गेलं. साहेब जिन्यातून घाम पुसत आले आणि हॉस्पिटलला कळवलं. तर तिकडचा माणूस म्हणाला, "अच्छा, आलं का? आम्ही आत्ताच चहाला बसलोय, पंधरा मिनिटांत बघतो." पंधरा मिनिटांत! साहेब भिंतीला टेकून खाली बसले.

मी घरी जायचं सोडून ऑफिसात गेलो. गाल हा एवढा, तोंडात कापूस. सगळे गेले होते. काकू डबा पिशवीत भरत होत्या.

मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "ती ओळ गोदामात गेलीच नाही. त्यामुळे कुठे नोंद नाही, तुझं नाव नाही. साहेब जिन्यात होते."

मी म्हटलं, "म्हंजे थुम्ही थांगणार नाही?"

"मला कुणी विचारलेलं नाही." मग त्या परत खुर्चीवर बसल्या. "नोकरीचं दुसरं वर्ष होतं माझं. काउंटरवर ही गर्दी. एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन आली. मी कपाटातून बाटली काढली आणि सरळ पिशवीत घातली. दोन बाटल्या शेजारी शेजारी असायच्या, नावात एका अक्षराचा फरक. पुढचं गिऱ्हाईक घेतलं, त्याच्यामागचं घेतलं, आणि कपाटाकडे बघते तर द्यायची ती बाटली जागेवरच, शेजारची गायब."

"मग?"

"मग काय? पळाले. पांढरा कोट, पायात चपला नाहीत, दोन गल्ल्या. ती रिक्षात बसत होती. मी तिच्या हातातून पिशवी हिसकावून घेतली. तिला वाटलं, चोर आहे! ओरडायला लागली, लोक जमले, एकाने माझा हात पिरगळला. मी पिशवी सोडली नाही." मनगट चोळलं त्यांनी, अजून दुखत असल्यासारखं. "बाटलीचं सील उघडलेलं नव्हतं. तेवढं बघितलं, आणि रस्त्यातच बसले. दुसऱ्या दिवशी घरून ट्रे घेऊन गेले. स्वयंपाकघरातला, स्टीलचा. मालक हसले. हसू देत."

मी तोंडातला कापूस सांभाळत त्यांची पिशवी उचलली आणि दारापर्यंत नेली.

दाराशी पोचल्यावर काकू वळल्या. "आणि हे बघ, त्या तुझ्या तीन फायली मी वाचलेल्या नाहीत."

"थँक्यू, काकू."

"तिसरीत तारीख घालायची राहिलीय."

सोमवारी मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि कबूल केलं. मनाशी ठरवलंच होतं, काकूंच्या गप्प राहण्यामागे लपायचं नाही. छाती काढून बोललो, पाच मिनिटं बोललो, हातवारे करून बोललो. साहेब म्हणाले, "बरं वाटल्यावर सांग, एक अक्षर कळलं नाही." गालाची सूज उतरली नव्हती ना! म्हणून मग लेखी दिलं. साहेबांनी वाचलं. चष्मा लावून वाचलं. "साडेसात चमचे" वर बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग उठले आणि काकूंच्या टेबलाशी जाऊन म्हणाले, "काकू, आजपासून तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय इथून काहीही बाहेर जाणार नाही. माझंसुद्धा."

झालं! तेव्हापासून ही लाईन. सकाळी काकूंच्या टेबलापुढे आम्ही सगळे, साहेब धरून, आपापले बदल छापून हातात घेऊन उभे! एकेकाचं बोट लावून वाचतात. "ही ओळ कशासाठी?" "ही तुझीच का?" "हे दोन वेगळे विषय आहेत, दोन वेगळे शिक्के मार, जा." आणि आम्ही जातो! टिंब? टिंबाचं नावसुद्धा कुणी काढत नाही आता. मी स्वतः एकेक तुकडा वाचतो, ओठ हलवून. बायको म्हणते, "हल्ली जप करता का?"

कालचीच गोष्ट सांगतो. एका लेबलवर "जेवणानंतर" च्या पुढे मला एक स्वल्पविराम हवासा वाटला. एकच! घातला, नीट स्टेज केला, तीनदा वाचला, कागद घेऊन लायनीत उभा राहिलो, पाऊण तास. माझा नंबर आला. काकूंनी चष्मा वर केला, कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "का?"

का! आता काय सांगू? बारा वर्षांचा अनुभव, अहो, तोंड उघडून उभा, आणि काही म्हणजे काही सुचेना. मागून साहेब म्हणतायत, "अरे, आटप की."

काढून टाकला मी तो स्वल्पविराम. आणि मुकाट्यानं लायनीच्या शेवटी जाऊन उभा राहिलो... काढल्याचं तपासून घ्यायला!